आमदारांची यादी म्हणजे मतदारसंघाचा इतिहास नव्हे : आंधळगावच्या मतपेटीतून

१/ भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाच्या कापडासाठी ओळखले जाणारे विणकरांचे गाव. या गावाने १९५२ साली मध्य प्रदेशाच्या विधानसभेसाठी मतदान केले, १९५७ साली मुंबई राज्याच्या आणि १९६२ साली महाराष्ट्राच्या. तीन निवडणुका, तीन राज्ये. गाव मात्र जागचे तसूभरही हलले नव्हते. आजचा धागा या एका वाक्याच्या पोटात दडलेल्या इतिहासाविषयी आहे. धागा लांब आहे आणि भांडखोरही आहे. तयारीने वाचा.

२/ भांडण कोणाशी, ते आधी सांगते. निवडणूक जवळ आली की आपल्या इतिहासप्रेमी गटांत एक तक्ता फिरू लागतो : 'तुमसर विधानसभा : आजवरचे आमदार'. वर्ष, नाव, पक्ष, मताधिक्य असे चार रकाने. खाली शंभर जण टाळ्या वाजवतात आणि एखादा लिहितो, 'हा आपल्या मतदारसंघाचा इतिहास, जपून ठेवा.' माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. तक्ता जरूर जपा, पण त्याला इतिहास म्हणू नका.

३/ मतदारसंघाचा इतिहास चार प्रश्नांनी बनतो. मत कोणाला देता येत होते? कोणाच्या नावे उभे राहता येत होते? मत मोजण्याची रीत काय होती? आणि मतदारसंघाची हद्द कोणी, कशाच्या आधारे आखली? 'कोण जिंकले' हा पाचवा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पहिल्या चार उत्तरांवर अवलंबून असते. आपण थेट पाचव्यापासून सुरुवात करतो आणि तेथेच थांबतो.

४/ पहिला प्रश्न : मत कोणाला? १९३७ साली मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ जागा होत्या आणि काँग्रेसने त्यांतील ७० जिंकल्या. पाठ्यपुस्तकात हा 'जनतेचा कौल' म्हणून येतो. परंतु १९३५ च्या कायद्याखाली मताधिकार मालमत्ता, महसूल, कर आणि शिक्षण यांच्या चाळणीतून मिळत असे. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते सुमारे तीन कोटी. प्रौढ लोकसंख्येतील बहुतेक माणसे यादीबाहेर होती.

५/ म्हणजे दिवसभर मागावर बसणारा, ज्याच्या नावे जमिनीचा तुकडा नाही आणि ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही असा विणकर त्या 'जनते'त बहुधा नव्हताच. त्याची बायको तर नव्हतीच. जंगलात ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या राखणारा ढिवरही नव्हता. ज्या कापडासाठी गाव ओळखले जाई, ते कापड जन्माला घालणारे हात मतपेटीपर्यंत पोहोचत नव्हते. तक्त्यात हे दिसणार नाही. तक्त्यात फक्त विजयी उमेदवार असतो.

६/ प्रौढ मताधिकाराची मागणी १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन आयोगासमोर मांडली, तेव्हा अनेक प्रतिष्ठितांना ती अव्यवहार्य वाटत होती. पुढे १९३२ च्या पुणे कराराने मध्य प्रांताच्या वाट्याला दलितांसाठी २० राखीव जागा आल्या, पण सोबत प्राथमिक निवडणुकीची व संयुक्त मतदारसंघाची अट आली. 'संयुक्त मतदारसंघ' हा शब्द लक्षात ठेवा. भंडाऱ्याची पुढची गोष्ट त्याच शब्दाच्या खुंटीला टांगलेली आहे.

७/ १९५१-५२ ला अखेर सर्व प्रौढांना मत मिळाले. सर्व? कागदावर. देशभर सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी नोंद दिली होती. असे प्रामुख्याने बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि मध्य प्रदेश येथे घडले. आणि भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता.

८/ माझे आजोळ याच पट्ट्यातले. आजीला एकदा विचारले, 'तुझ्या सासूने पहिल्या निवडणुकीत मत दिले का गं?' ती हसली. म्हणाली, 'तिचं नाव गावात कोणाला ठाऊक होतं? आम्ही तिला म्हातारी म्हणायचो.' हा पुरावा नाही, हे मला कळते. इतिहासाची विद्यार्थिनी आहे. परंतु कोणता पुरावा शोधायला हवा, ते मला या एका वाक्याने शिकवले. वर्गात ते कोणी शिकवले नव्हते.

९/ आता मोजणीची रीत. १९५२ साली मध्य प्रदेश विधानसभेच्या २३२ जागा होत्या, मतदारसंघ मात्र १८४. हिशेब जुळत नाही ना? कारण ४८ मतदारसंघ द्विसदस्य होते. तेथून दोन आमदार निवडून जात. जेथे राखीव जागा द्यायची, तेथे साधारणपणे ही व्यवस्था असे : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, मतदार तेच. लोकसभेतही हीच पद्धत होती आणि भंडारा हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता.

१०/ मतदाराने करायचे काय? त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. द्विसदस्य मतदारसंघात मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका पडत. दोन्ही वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या. एकाच पेटीत दोन्ही टाकल्या तर त्यांतली एकच धरली जाई. एकच टाकून दुसरी वाया घालवली, तरी कोणी अडवत नसे.

११/ या शेवटच्या सवलतीतून मराठी राजकारणाला एक भयंकर शब्दप्रयोग मिळाला : 'मते कुजविणे'. आपल्या माणसाला एक मत द्यायचे आणि दुसरे कोणालाच द्यायचे नाही, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्याचा लाभ नको. १९५२ साली उत्तर मुंबईत आंबेडकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले आणि सत्तर हजारांहून अधिक मते अवैध ठरली. मते कुजविण्याच्या प्रचाराचा आरोप झाला. आंबेडकर व अशोक मेहता यांनी निवडणूक याचिकाही दाखल केली.

१२/ येथे कोणी विचारेल, 'विधानसभेच्या मतदारसंघाचा विषय, लोकसभा मध्ये कशाला?' कारण मतदार तोच, रांग तीच, दिवसही तोच. १९५१-५२ ला दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या. उभे राहण्याचे, राखीव जागेचे, मोजणीचे नियम एकाच मुशीतून निघाले होते. आणि या नियमांची सर्वांत कठोर परीक्षा ज्या खटल्यात झाली, तो खटला भंडाऱ्याचाच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या किती जणांनी त्याचे नाव ऐकले आहे?

१३/ खटला : चतुर्भुज विठ्ठलदास जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम. सर्वोच्च न्यायालय, फेब्रुवारी १९५४. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विवियन बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. पहिल्या निवडणुकीत भंडाऱ्याहून सर्वसाधारण जागेवर जसानी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे निवडून आले होते. काही मतदारांनी त्या निवडणुकीलाच आव्हान दिले. मुद्दे दोन होते आणि दोन्ही थेट या मातीतले होते.

१४/ पहिला मुद्दा बिडीचा. जसानी ज्या पेढीचे भागीदार होते, ती मूलजी सिका आणि कंपनी लष्कराच्या कँटीन स्टोअर्सला बिड्या पुरवत असे. सरकारशी मालपुरवठ्याचा करार असलेल्या माणसाला उमेदवारी करता येत नाही, असे लोकप्रतिनिधित्व कायदा सांगत होता. न्यायालयाने करार जिवंत होता असे मानून जसानींना अपात्र ठरवले. ज्या तेंदूपत्त्याने या भागातील हजारो घरांची चूल पेटवली, त्याच तेंदूपत्त्याच्या धुरात एक खासदारकी गेली.

१५/ दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला होता. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. कारण काय, तर ठवरे जन्माने महार असले तरी महानुभाव पंथाचे अनुयायी आहेत. पंथ जातिभेद मानत नाही. म्हणून ते आता 'अनुसूचित जाती'चे राहिले नाहीत! जात न मानणाऱ्या पंथात गेलेल्याची जात गेली, आणि जातीबरोबर घटनेने दिलेला हक्कही गेला, असा तो युक्तिवाद होता.

१६/ थांबून विचार करा. चक्रधरस्वामींचा काळ तेराव्या शतकाचा. त्यांचे शिष्य निळभट्ट भांडारेकार हे याच भंडाऱ्याचे. सातशे वर्षांपूर्वी या नदीखोऱ्यात जातीला नकार देणारा एक विचार रुजला. आणि १९५१ साली एक सरकारी अधिकारी त्या नकाराचा उपयोग कोणासाठी करतो? ज्याला त्या जातीचे चटके बसले, त्याचाच अर्ज फेटाळण्यासाठी.

१७/ न्यायालयाने हे मान्य केले नाही. धर्मांतर वा पंथांतराने सामाजिक स्थान बदलले का, हे ठरवताना तीन गोष्टी पाहाव्यात असे त्याने सांगितले : जुन्या समाजाने त्या माणसाशी संबंध तोडले का? स्वतः त्या माणसाचा हेतू काय होता? नव्या पंथाचे नियम काय सांगतात? ठवरे यांना त्यांच्या समाजाने कधीच दूर लोटले नव्हते. ते स्वतःला महारच मानत होते. पंथही त्यांना तसे मानण्यास आडकाठी करत नव्हता. अर्ज फेटाळणे चुकीचे ठरले आणि संपूर्ण निवडणूक रद्द झाली.

१८/ म्हणून मे १९५४ ची पोटनिवडणूक झाली. होय, तीच, जिच्यावर दरवर्षी एप्रिलमध्ये आपल्या पडद्यांवर युद्ध पेटते. एक गट लिहितो, 'भंडाऱ्याने बाबासाहेबांना नाकारले.' दुसरा लिहितो, 'बाबासाहेबांना कपटाने पाडले.' ही पोटनिवडणूक का झाली, हे दोन्ही गटांपैकी जवळजवळ कोणीच सांगत नाही. बिडीचा करार नाही, महानुभावांचा अर्ज नाही. जणू ती निवडणूक आभाळातून पडली.

१९/ निकाल पाहू. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले. आंबेडकर सुमारे आठ हजार मतांनी हरले, परंतु त्यांना एक लाख तीस हजारांहून अधिक मते मिळाली होती. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता जिंकले. फेडरेशन आणि प्रजा समाजवादी यांची युती होती. त्याच मतदारसंघात, त्याच मतदानात, युतीचा एक उमेदवार निवडून आला आणि दुसरा पडला.

२०/ आता दोन्ही घोषणा तपासा. 'भंडाऱ्याने नाकारले' : एक लाख तीस हजारांहून अधिक मते देणारी माणसे भंडाऱ्याची नव्हती काय? 'काँग्रेसने पाडले' : काँग्रेसची लाट असती तर सर्वसाधारण जागाही तिच्याकडेच गेली असती. ती गेली नाही. खरा प्रश्न अधिक बोचरा आहे : मेहतांच्या पेटीत पहिली मतपत्रिका टाकणाऱ्यांची दुसरी मतपत्रिका कोठे गेली? या प्रश्नाला शत्रूपेक्षा मित्रांनी उत्तर द्यायचे आहे. म्हणूनच तो कोणी विचारत नाही.

२१/ त्या प्रचारातील कार्यकर्त्यांच्या आठवणींत एक प्रसंग येतो. काहींनी सुचवले की आपल्या मतदारांनी फक्त बाबासाहेबांना मत द्यावे, दुसरे कुजवावे. आंबेडकरांनी ते मान्य केले नाही. मुंबईत ज्या हत्याराने घाव बसला असा आरोप होता, ते हत्यार भंडाऱ्यात उचलण्यास त्यांनी नकार दिला. हरण्याची शक्यता समोर दिसत असताना. तक्त्यातील 'पराभूत' या शब्दात हा निर्णय मावत नाही.

२२/ ही द्विसदस्य पद्धत संपली कशी? १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम येथे सर्वसाधारण जागाही आदिवासी उमेदवाराने मिळवली आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पडले. नियमानुसार ते योग्यच होते : राखीव जागा भरली की उरलेल्यांत सर्वाधिक मते ज्याला, तो निवडून. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली ते उचलून धरले. १९६१ साली संसदेने द्विसदस्य मतदारसंघच रद्द केले. मोठा माणूस पडला तेव्हा नियमातला 'दोष' दिसू लागला, ही योगायोगाची गोष्ट मानायला मी तयार नाही.

२३/ आता पहिल्या परिच्छेदातील तीन राज्ये. १९५३ चा नागपूर करार, १९५५ साली फाजल अली आयोगाने केलेली स्वतंत्र विदर्भाची शिफारस, ती बाजूला सारून १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात. १९५७ साली पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली. तरी ३९६ पैकी २३४ जागा घेऊन सरकार टिकले. त्यात विदर्भाचा वाटा मोठा होता.

२४/ पुण्या-मुंबईचे कथन या मतदानाला 'मागासलेपण' म्हणते. चळवळ कळली नाही म्हणे. मी उलट विचारते : ज्या मतदाराची राजधानी नागपूर होती, जिची विधानसभा त्याच्यापासून एका दिवसाच्या अंतरावर होती, त्याला न विचारता राजधानी मुंबईला नेली गेली. त्याने कोणत्या उत्साहाने घोषणा द्यायच्या? त्याचे मत चूक ठरवण्यापूर्वी त्याच्यापुढे पर्याय कोणते ठेवले होते, हे सांगणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.

२५/ 'तू कोण?' हा ठवरे खटल्यातला प्रश्न १९५४ ला संपला नाही. विदर्भातील विणकरी समाजात हलबा-कोष्टी यांना अनुसूचित जमातीत धरावे की नाही, हा वाद अनेक दशके चालला. नोव्हेंबर २००० मध्ये मिलिंद खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले : राष्ट्रपतींच्या आदेशातील यादी जशी आहे तशीच वाचायची, अमुक समाज त्या नोंदीत मोडतो, असा पुरावा घेऊन चौकशी करायची नाही.

२६/ दोन्ही खटल्यांचे प्रश्न वेगळे होते, हे मान्य. १९५४ साली एका माणसाचे स्थान तपासायचे होते, २००० साली एका नोंदीचा अर्थ. तरीही दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. एकीकडे न्यायालय माणसाचे जगणे, नातीगोती आणि हेतू पाहते. दुसरीकडे यादीतल्या शब्दापलीकडे पाहायला नकार देते. निकाल बरोबर की चूक, हा या धाग्याचा विषय नाही. उमेदवार अर्ज भरण्याआधीच त्याची अर्धी निवडणूक लढली गेलेली असते, एवढे मात्र यातून दिसते.

२७/ आता त्या लाडक्या तक्त्याकडे. तुमसरचे मधुकर कुकडे भाजपचे तीनदा आमदार. तेच २०१८ च्या भंडारा-गोंदिया लोकसभा पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीकडून भाजपला हरवून खासदार. २००९ ला काँग्रेसचे अनिल बावनकर, २०१४ ला भाजपचे चरण वाघमारे. २०१९ ला राष्ट्रवादीचे राजू कारेमोरे जिंकले. दुसऱ्या क्रमांकावर अपक्ष उभे राहिलेले वाघमारे आणि भाजपचा अधिकृत उमेदवार त्यांच्याही मागे.

२८/ २०२४ ला पुन्हा कारेमोरे आणि वाघमारे समोरासमोर. या वेळी दोघेही राष्ट्रवादीचे : एक अजित पवारांच्या, दुसरे शरद पवारांच्या. कारेमोरे मोठ्या फरकाने जिंकले. मग तक्त्यातला 'पक्ष' हा रकाना तुम्हाला नेमके काय सांगतो? पाच वर्षांत चिन्हांची अदलाबदल झाली, माणसे तीच राहिली. याला कोणी 'विचारधारेचा कौल' म्हणू लागला, तर त्याला हा परिच्छेद दाखवा.

२९/ आणि हद्द. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना २००८ साली अमलात आली. राज्याच्या जागा २८८ च राहिल्या, पण विदर्भाच्या ६६ वरून ६२ झाल्या. भंडारा-गोंदिया मिळून नऊ होत्या, त्या सात उरल्या. अड्याळ गेले, लाखांदूर गेले, गोरेगाव गेले. अर्जुनी-मोरगाव नवे आले. भंडारा अनुसूचित जातींसाठी राखीव झाले. आंधळगाव आज तुमसर मतदारसंघात आहे : धान, मँगनीजच्या खाणी आणि मध्य प्रदेशाची सीमा यांच्या संगतीत.

३०/ कारण साधे होते. लोकसंख्या मुंबई-ठाणे-पुण्याकडे वाढली; जागा तिकडे सरकल्या. पण लोकसंख्या तिकडे का वाढली? कारण येथली तरुण माणसे कामासाठी तिकडे गेली. माग थांबला की माणूस जातो, माणसामागे जनगणनेचा आकडा जातो, आकड्यामागे आमदारकी. मग विकासाची मागणी विधानसभेत मांडायला एक आवाज कमी, आणि विकास नाही म्हणून आणखी माणसे जातात. हे दुष्टचक्र कोणत्याही पक्षाच्या रकान्यात दिसत नाही.

३१/ आक्षेप मला ठाऊक आहे : 'लोक माणसाला मत देतात, नियमाला नाही. तू राजकारणातले रक्तमांस काढून कायद्याचा सांगाडा ठेवतेस.' आक्षेप अर्धा खरा आहे. तुमसरमधला मतदार कारेमोरे-वाघमारे यांच्यातून निवडतो, कलम-उपकलमांतून नाही. परंतु त्याच्यापुढे तेच दोघे का उभे राहतात आणि तिसरा का राहू शकत नाही, हे नियमच ठरवतात. ठवरे यांचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा त्यांचे रक्तमांस शाबूत होते. मतपेटी मात्र नव्हती.

३२/ हे आजच का लिहिते? कारण पुढील पुनर्रचना दारात आहे. जागांची संख्या गोठवणारी घटनात्मक तरतूद २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतची आहे. स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखणारी २०२३ ची घटनादुरुस्तीही पुनर्रचनेशीच बांधलेली आहे. हद्दी पुन्हा आखल्या जातील. अंतिम आदेशाला न्यायालयात आव्हान देण्याची वाट अनुच्छेद ३२९ ने जवळपास बंद केली आहे. बोलायचे ते मसुदा प्रसिद्ध झाल्यावर, हरकतींच्या मुदतीत.

३३/ त्या सुनावणीत राजकीय पक्षांचे लोक नकाशे घेऊन येतील. इतिहासप्रेमी काय घेऊन जाणार? आमदारांचा तक्ता? मसुदा करणाऱ्यांना सांगावे लागेल की अमुक गावांचा बाजार, सिंचन, तालुक्याचे ठिकाण एक आहे. त्यांना तोडू नका. अमुक भाग मागच्या वेळी कोठून कोठे ढकलला गेला. हे ज्ञान आपल्याजवळ असायला हवे होते. आपण ते जमवलेच नाही, कारण आपण विजयी मिरवणुका मोजत बसलो.

३४/ म्हणून तीन कामे. एक : निवडणुकीनंतर मतदान केंद्रनिहाय निकालाचे पत्रक, म्हणजे नमुना २०, तयार होते. आपल्या गावाचे जितके मिळेल तितके मिळवा. दोन : १९५२ ते १९६२ या काळात मत दिलेली माणसे नव्वदीच्या आसपास आहेत, पेटी, चिन्ह, रांग, धमकी, आमिष, जे आठवेल ते विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. तीन : दर पुनर्रचनेत आपले गाव कोणत्या मतदारसंघात होते, त्याची यादी करा. ही यादी आमदारांच्या यादीपेक्षा मोलाची ठरेल.

३५/ आणि ज्यांना तक्ताच हवा आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. त्यात आणखी एक रकाना वाढवा : 'या निवडणुकीत कोणाला मत देता आले नाही, आणि कोणाला उभे राहता आले नाही.' १९३७ पुढे भूमिहीन विणकर लिहा. १९५२ पुढे गंगाराम ठवरे लिहा, आणि त्यांच्याखाली 'अमक्याची बायको' लिहा. माझ्या आजीच्या सासूचे नाव मी अजून शोधते आहे. सापडले की त्याच रकान्यात भरेन.